बूचवाली

शेलबँकमध्ये पोरं चालायला शिकायच्या आधी बोटीत बसतात. अशा गावात टेगन वूली गुडघाभर पाण्यात उतरायलाही घाबरायची, आणि त्यासाठी तिला कधी कोणी नावं ठेवली नाहीत. "बापच गेला तिचा चॅनलमध्ये, समोरच्या समुद्रात," एवढं म्हणून लोक गप्प बसायचे. लोक चांगलेच होते. फक्त त्यांना अर्धीच गोष्ट ठाऊक होती. उरलेली अर्धी टेगनने कोणालाच सांगितली नव्हती, नवऱ्यालासुद्धा नाही.

ती सफरचंदांच्या पॅकिंग शेडमध्ये कामाला होती. पट्ट्यावरून येणाऱ्या फळावर अंगठा टेकवायचा, आतून मऊ लागलं की बाजूला टाकायचं, यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. हसतमुख बाई, कामाला वाघ. पण मुलांना अंघोळ घालताना ती टबाजवळून हलत नसे. फोन वाजून वाजून थकला तरी उठत नसे. गावची पोरं धक्क्यावरून पाण्यात धडाधड उड्या मारत, तेव्हा ती रस्त्याच्या पलीकडून जायची आणि जाताना मान दुसरीकडे वळवायची. ती सात वर्षांची असल्यापासून हे असंच होतं. लग्न झालं, दोन मुलं झाली, तरी त्यात काही बदललं नाही.

नवरा रोरी होबार्टचा. त्याच्या आईची शॅक, म्हणजे सुट्टीतलं दोन खोल्यांचं लाकडी घर, चॅनलपलीकडच्या, समोरच्या ब्रुनी बेटावर. बोटीने गेलं तर चहा निवायच्या आत पोचावं इतकं जवळ. पण टेगनपायी हे नवरा-बायको, लेक पिप आणि धाकटा ह्यूई असे चौघं दर सुट्टीला गाडी घेऊन फेरीबोटीच्या रांगेत अर्धा दिवस तिष्ठत उभे राहायचे.

"पिपच्या वर्गातल्या प्रत्येक पोराकडे बोट आहे, टेग," रोरी म्हणायचा. "आपली तेवढी वाळूत किल्ले बांधत बसते."

"वाळूत बुडत नाही कोणी."

"अगं, मी काय अंटार्क्टिकाला चल म्हणतोय का? समोर जायचंय, समोर! आईच्या शॅकचं धुराडं दिसतं आपल्या खिडकीतून."

"बाबाही दिसत होते खिडकीतून," टेगन म्हणाली.

पण एका गोष्टीने टेगन नमली. पिपच्या मैत्रिणीचा वाढदिवस होता, बोटीवरचा. पिपने आपण होऊनच नाही म्हणून सांगून टाकलं. का गं, असं विचारलं तर ती पाव चघळत म्हणाली, "मी आईसारखी आहे ना. मला पाण्याची भीती वाटते." म्हणाली तेही अगदी सहज, माझे डोळे आईसारखे आहेत असं म्हणावं तशी. स्वतःची भीती टेगनने इतकी वर्षं गपचूप वाहिली होती. ती पोरीच्या अंगाला लागलेली पाहून तिला पाण्यापेक्षाही जास्त भीती वाटली.

त्याच संध्याकाळी ती रोरीला म्हणाली, "बघू या बोट. बघू या म्हणतेय हं, घेऊ या नाही."

रोरीला तेवढं पुरलं. जुनी फायबरची मोटरबोट घ्यायची हे त्याने केव्हाच ठरवून ठेवलं होतं. नव्या बोटी म्हणजे नुसती टरफलं, जुन्या काळी फायबर जाड ओतायचे, जुनं ते सोनं, असं उतारावरचा प्रत्येक शहाणा छातीठोकपणे सांगायचा. उतार म्हणजे बोटी पाण्यात सोडायचा सिमेंटचा उतार. शेलबँकची बातमी, भांडणं आणि अक्कल सगळी तिथेच मिळते. आठवड्याला दोन-दोन बोटी पाहणं सुरू झालं. रोरी प्रत्येकीच्या प्रेमात पडायचा. टेगन प्रत्येकीपासून दोन हात लांब उभी राहून म्हणायची, "कठडा बुटका आहे. ह्यूई पडेल." ह्यूई दोन वर्षांचा, सपाट जमिनीवरसुद्धा पडायचा. किंवा म्हणायची, "इंजिनाचा आवाज नाही आवडला." इंजिनं सगळी एकाच सुरात गुरगुरत होती, हे तिलाही कळत होतं.

मग ईस्टरनंतर एक दिवस अ‍ॅथॉलकाकांचा फोन आला.

अ‍ॅथॉल डग्गन म्हणजे टेगनच्या वडिलांचा, डेसचा, जिवाभावाचा दोस्त. दोघांनी तरुणपणी एकाच दिवशी, एकाच साच्यातून काढलेल्या दोन बोटी घेतल्या होत्या. डेसची हिरवी, अ‍ॅथॉलची पिवळी. बाकी जुळ्या बहिणीच. हिरवी डेसला घेऊन बुडाली, ती सापडलीच नाही. त्यानंतर अ‍ॅथॉलने पिवळीला शेडमध्ये घेतलं. वारा नसेल तेव्हा बाहेर काढायचा, पुढे पुढे तेही सोडलं. आता गुडघे गेले होते, बायको गेली होती. शेडमध्ये बसून बोट चकाचक करणं एवढाच उद्योग उरला होता.

"डेसच्या नातवंडांसाठीच ठेवलीय म्हण ना," तो फोनवर म्हणाला. "नवा रंग, नवा गालिचा, सगळं करून ठेवलंय. येऊन घेऊन जा, बाळ. दुसऱ्या कोणाला द्यायला माझा हात होणार नाही."

टेगनने फोन ठेवला. परक्या माणसाला कठडा बुटका आहे म्हणून सांगता येतं. अ‍ॅथॉलकाकाला काय सांगणार? बापाच्या मागे शाळेत सोडायला, आणायला हाच माणूस होता.

आता ती उरलेली अर्धी गोष्ट.

बोटीच्या मागच्या भिंतीत, अगदी खाली, एक भोक असतं. बोट बाहेर काढली की साठलेलं पाणी त्यातून वाहून जातं, आणि पुन्हा पाण्यात सोडण्याआधी त्यात बूच फिरवून घट्ट बसवायचं असतं. हे बूच विसरणं हा शेलबँकमधला सगळ्यात मोठा विनोद आणि सगळ्यात मोठी नाचक्की. जो विसरेल त्याने उताराला, म्हणजे तिथे हजर असलेल्या झाडून सगळ्यांना, बिअरचा खोका पाजायचा अशी रीतच आहे. त्या वर्षी शरदात डेस विसरला. बोट उतारावरच टबासारखी भरली, लोक पोट धरधरून हसले, डेसने खोका आणला आणि स्वतःही खूप हसला. मग घरी येऊन त्याने सात वर्षांच्या लेकीला जवळ ओढलं. "आजपासून तू आपली बूचवाली. तू 'बूच लावलं' म्हणाल्याशिवाय तुझा बाप पाण्यात जाणार नाही."

उतार घरासमोरच होता. टेगन रोज पहाटे पायजम्यावर गमबूट चढवून जायची, बोटीखाली वाकायची, बूच फिरवायची आणि ओरडायची, "बूच लावलं!" डेस मागे न बघताच हात हलवायचा आणि शेवंडीचे सापळे उचलायला निघायचा. सगळ्या पहाटा सारख्याच. तशाच एका पहाटे, बऱ्यापैकी शांत पाण्यात, हिरवी बोट चॅनलच्या मध्यावर मागच्या बाजूने खाली बसली आणि बुडाली. डेस दुसऱ्या दिवशी सापडला.

गावाने निकाल दिला: डेस पुन्हा बूच विसरला. त्यात कोणाचा वाईट हेतू नव्हता. पण तेव्हापासून उतारावर कोणी घाई करू लागलं की लोक ओरडतात, "ए, डेस करू नको!" नवी पोरं तर डेस कोण हे माहीत नसतानाही ओरडतात. टेगनला ते ऐकू आलं की ती तिथून पाय काढायची, कारण बूच डेसचं काम नव्हतंच. ते तिचं काम होतं. त्या पहाटे तिने ते लावलं होतं का, की झोपेत नुसती ओरडलीच होती? कितीही आठवलं तरी त्या पहाटेचा हात आणि इतर पहाटांचा हात तिला वेगळा करता यायचा नाही. बाप आपल्यामुळे गेला, ही ती भीती होती. पाण्याची भीती लोकांना दाखवायला होती.

रविवारी चौघं अ‍ॅथॉलच्या शेडवर गेले. त्याने शिंपल्यांची करी भरलेल्या 'पाय', म्हणजे भट्टीतल्या मोठ्या कचोऱ्या, गरम करून ठेवल्या होत्या, दाढी केली होती. पिवळी बोट ट्रेलरवर झळकत होती. रोरी तिच्याभोवती फिरून फिरून बघू लागला.

"काय? आवडली ना मेव्हणी?" अ‍ॅथॉलने त्याला डिवचलं. "जपून हात लाव, तुझ्यापेक्षा मोठी आहे वयाने."

"काका, ही... ही तर नवी आहे!"

"नवी नाही रे, राखलेली आहे. माझ्याकडे बघ, राखलं नाही तर काय होतं ते."

रोरीने दोन्ही मुलांना वर चढवलं. टेगन खालीच राहिली, एक हात ट्रेलरच्या थंड लोखंडावर. बोटीचा तो पुढचा उतरता नाकाचा आकार, मागचं आडवं बाक, सगळं हिरवीचंच होतं. कोरड्या शेडमध्ये, चाकांवर उभ्या असलेल्या बोटीला आपण भितोय याची तिला लाजही वाटत होती. आता काकाला नाही कसं म्हणायचं? आणि हो म्हणायचं तरी कसं?

"आई! आई, ये ना वर!" पिप खिदळत होती. "इथे उडता येतं! बघ, ह्यूई, बघ!"

धप, धप. मागच्या बाकासमोर, डाव्या अंगाला, पिप उड्या मारत होती आणि प्रत्येक उडीला बोटीतली जमीन तिला हळूच वर ढकलत होती.

ती जागा टेगनला ठाऊक होती. हिरवीतही तिथेच, बाकासमोर डावीकडे, तीही अशीच उडायची. बोटीतली सगळ्यात मजेची जागा होती ती. बाबा ओरडायचे, "खाली भोक पाडशील गं, म्हशी!" आणि हसायचे.

शेडमध्ये कोणाला कळायच्या आत टेगन शिडी चढून बोटीत उभी होती, लहानपणानंतर पहिल्यांदाच. तिने पिपला बाजूला केलं, बूट काढला आणि त्या जागी पाय दाबला. नवा गालिचा छान होता. त्याखाली काहीतरी दबलं आणि सावकाश परत वर आलं. अशा फळावर तिचा अंगठा रोज शंभरदा टेकायचा.

"रोरी, पोरांना खाली उतरव."

"अगं, काय झालं?"

"आत्ताच्या आत्ता उतरव म्हणते ना!" तिचा आवाज फाटला. ह्यूई रडायला लागला. रोरीने दोघांना खाली उतरवलं.

अ‍ॅथॉलचा चेहरा पडला. तरी तो समजुतीने म्हणाला, "बाळ, शेडमध्ये उभी आहे ती. इथे कोण बुडतंय? तुला भीती वाटते, मला कळत नाही का? थोडा वेळ घे."

"टेग, काका म्हणतायत ते..." रोरीने सुरुवात केली.

त्या क्षणी ती गप्प बसली असती. इतकी वर्षं प्रत्येक वेळी तिची भीती म्हणजे तिचं दुखणंच ठरलं होतं. तिलाही ते खरं वाटायचं. आताही वाटलं, की उगाच म्हाताऱ्याचं मन कशाला मोडायचं? पण पिप खाली उभी राहून तिच्याकडे बघत होती.

"काका, मासळीची सुरी दे."

"टेगन, गालिचा नवा आहे गं."

"मी घालून देईन दुसरा. सुरी दे."

अ‍ॅथॉल कुरकुरत वर आला आणि सुरी तिच्या हातात न देता स्वतःच वाकला. गालिच्याला चीर दिली. खालचं फायबर पापडासारखं वाजलं. त्याने सुरीचं टोक टेकवलं, अंगाचा भार टाकायला म्हणून खांदा वाकवला, आणि सुरी भार न टाकताच मुठीपर्यंत आत गेली. ओढून काढली तर पात्यावर काळा लगदा. वर्षानुवर्षं कोरड्यात उभ्या असलेल्या बोटीच्या पोटातून पाण्याचा कुबट वास आला. वरून कीर्तन, आतून तमाशा म्हणतात ते हेच.

अ‍ॅथॉल मागच्या बाकावर मटकन बसला. रोरीकडे बघून तो बोलू लागला. "खाली लाकडाच्या तुळया असतात, फायबरने मढवलेल्या. सगळा तळ त्यांच्यावर उभा. त्या कुजल्या म्हणजे एक लाट आपटली की तळ फाटतो. आणि तरंगायला म्हणून आत स्पंज भरलेला असतो, तोच पाणी पिऊन दगड झालेला." मग त्याने डोक्यावरची लोकरीची टोपी काढली. "मी यात पोरांना बसवणार होतो. डेसच्या नातवंडांना."

"काका, हिरवीतही इथंच उडायचं," टेगन म्हणाली.

"काय म्हणालीस?"

"याच जागी. मी रोज उडायचे."

अ‍ॅथॉलने तोंडावरून हात फिरवला. "आणि मी जन्मभर उतारावर सांगत आलो, माझा दोस्त बूच विसरला म्हणून."

"बूच त्यांचं काम नव्हतं," टेगन म्हणाली. "माझं होतं. मी बूचवाली होते. लावलं म्हणून मी ओरडले, पण लावलं होतं का ते मला माहीत नाही, काका. अजूनही नाही."

खाली रोरी ह्यूईला कडेवर घेऊन उभा होता. इतकी वर्षं एका घरात राहून आपल्याला हे माहीत नव्हतं, हे त्याच्या चेहऱ्यावर सरळ दिसत होतं. अ‍ॅथॉलने तिला लगेच धीर दिला नाही. तो तसला माणूसच नव्हता.

"मलाही नाही सांगता यायचं," तो म्हणाला. "बोट तळाला आहे, तिला कोण विचारणार? तळ फाटला असेल. माझ्या मते फाटलाच. पण एक सांगतो, डेस माझ्या भावासारखा होता तरी सांगतो. सात वर्षांच्या पोरीने बूच लावलं म्हटल्यावर मागे वळून बघायचं असतं. तू लावलं असशील, नसशील, बघायचं काम त्याचं होतं. तुझं नव्हतं, बाळ."

टेगन त्या कुजक्या जमिनीवर बसून रडली, पोरांसमोरच, लाज न बाळगता. पिपने खालून विचारलं, "आई, मी मोडलं का काही?" तेव्हा ती उठली आणि म्हणाली, "नाही गं, सोन्या. तू शोधून काढलंस."

बोट टाकून द्यायची असं रोरी म्हणाला. नाही म्हणाली ती टेगन. सगळ्यांनाच नवल वाटलं. "हिच्या पोटात काय आहे ते मी पाहिलंय. दुसऱ्या कुठल्या बोटीच्या पोटात काय आहे ते मला कोण दाखवणार?" मग जूनपासूनचा अख्खा हिवाळा अ‍ॅथॉल आणि रोरीने पिवळीची जमीन उखडली, तुळया काढल्या, लगदा घमेल्यांनी बाहेर टाकला आणि सगळं नव्याने बांधलं. अ‍ॅथॉल बाकावर बसून हुकूम सोडायचा आणि रोरीच्या हातांना फायबरची खाज सुटायची. दर रविवारी टेगन यायची आणि सुरीच्या लाकडी मुठीने वीत वीत जमीन ठोकून पाहायची. टणक आवाज आला तरी पुन्हा ठोकायची. भीती गेली नव्हती. पण आता तिला काहीतरी काम होतं.

नोव्हेंबरातल्या एका निवांत सकाळी पिवळी उतारावर आली. पिप आदल्याच महिन्यात सात वर्षांची झाली होती. निम्मं गाव जमलं होतं, कारण टेगन वूली पाण्यात उतरणार ही बातमी साधी नव्हती. रोरी ट्रेलर मागे घेताना गडबडला आणि कोणीतरी सवयीने ओरडलं, "ए, डेस करू नको रे!"

लोक हसले. मग अ‍ॅथॉलने आपल्या गाडीतून बिअरचा खोका काढला, लंगडत आणला आणि उताराच्या मधोमध आदळला.

"कोण विसरलं?" कोणीतरी विचारलं.

"मी. दोस्ताच्या नावाने इतकी वर्षं फुकट हसलो, त्याचा हा खोका. त्याची बोट आतून कुजलेली होती, माझी होती तशीच. प्या, आणि यापुढे ती म्हण माझ्या कानावर आली तर दात पाडीन एकेकाचे."

एकेकजण पुढे येऊन मुकाट्याने बाटली उचलू लागला.

पिप तोवर बोटीखाली वाकली होती. बूच आपणच लावायचं हे तिने घरीच जाहीर केलं होतं आणि टेगनने रात्रभर विचार करून हो म्हटलं होतं. जीभ बाहेर काढून, दोन्ही हातांनी तिने ते फिरवलं आणि उभी राहून कोवळ्या आवाजात ओरडली, "बूच लावलं!"

तो टेगनचा स्वतःचाच आवाज होता. क्षणभर तिला वाटलं, गाडी फिरवावी आणि घरी जावं. मग ती गुडघ्यांवर बसली, ओल्या सिमेंटवर, आणि तिने भोकाशी बोटं नेली. बूच जागेवर होतं. तिने पिळून पाहिलं. ते अर्धा वेढा आणखी फिरलं आणि मग हललं नाही.

पिपने कमरेवर हात ठेवले. "मी सांगितलं ना लावलं म्हणून! माझ्यावर विश्वास नाही तुझा?"

"आहे गं."

"मग?"

"आता मीही लावलंय," टेगन म्हणाली. "काही झालंच, तर ते माझ्यावर. तुझ्यावर नाही. कळलं?"

पिपला काहीच कळलं नाही. "बरं," ती म्हणाली आणि लाइफ जॅकेटचे पट्टे आवळून घ्यायला बापाकडे पळाली. टेगन उठली. तिने ट्रेलरच्या चाकावर चढून बोटीचा कठडा धरला, एक पाय आत टाकला, बाकासमोर डावीकडे, आणि दुसरा उचलण्याआधी थोडी थांबली. खालची जमीन हलली नाही.